दस्तूभाईंची सही

दस्तगीर मुलाणी हा माणूस मी पहिल्यांदा बघितला तो पाठमोरा. कराड स्टँडवर आमची तासगावची गाडी सुटायला उभी, माझी तिकिटं काढून झालेली, घंटीच्या दोरीला हात घातलेला, आणि हे महाशय खाली मागच्या चाकापाशी उकिडवे बसून टायरवरून अंगठा फिरवतायत.

दारातून मी ओरडले, "ओ भाऊ, गाडीत बसायला आलाय का गाडी इकत घ्यायला?"

माणूस शांतपणे उठला. हात झटकले. पलीकडं जाऊन तिकडचं चाक बघून आला आणि मगच वर चढला. वर मलाच म्हणतो कसा, "हां, चला आता." गाडी माझी, घंटी माझी, आणि परवानगी देणार हा! असा राग आला म्हणता. तिकीट देताना मी विचारलंच, "घावलं काय खाली?"

"काय न्हाई. झक्कास हाय सगळं."

"मग बघितलं कशाला उगंच?"

"बघितलं म्हणून कळलं, आक्का."

मी सत्तावीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. सुट्ट्या पैशावरून भांडणारे, खिडकीवरून भांडणारे, कोंबडीचं तिकीट का म्हणून भांडणारे, सगळे बघितले. पण न भांडता माझं तोंड बंद करणारा हा पहिलाच. त्यानंतर वर्षभरात त्यांनी आमच्याच गल्लीत, आमच्या भिंतीला भिंत लागून घर घेतलं, तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला.

दस्तूभाई हवाई दलात होते. विमानांच्या इंजिनांची कामं करायचे. वीस वर्षं करून बाहेर पडले आणि चाळिशी उलटल्यावर बाहेरच्या, म्हणजे प्रवासी विमानांचं लायसन काढायला परीक्षांना बसले. त्यांची एकुलती एक लेक रुखसार तेव्हा शाळेत होती. संध्याकाळी पुढच्या खोलीत एका टोकाला ती भूगोल घोकतेय आणि दुसऱ्या टोकाला बाप जाडजूड पुस्तकावर मान घालून बसलाय, हे आम्ही कितीतरी दिवस बघितलं. बायको मेहरून चहाचे कप ठेवताना म्हणायची, "दोन पोरं हायती मला. थोरल्याला उशिरानं अक्कल आली."

त्या लायसनचा अर्थ त्यांनीच मला एकदा समजावून सांगितला. विमान दुरुस्त करणारे हात पुष्कळ असतात. पण हे विमान आता उडायला योग्य आहे असं लिहून खाली सही करायचा अधिकार मोजक्यांना असतो. पायलट ती सही बघतो आणि आत जाऊन बसतो.

"त्यो मला वळकत न्हाई, आक्का. माझी सही वळकतो," ते म्हणाले. हे सांगताना त्यांनी शर्टाची बाही सारखी केली, जशी फोटो काढताना माणूस करतो.

त्यांच्या सवयींनी गल्लीला वेड लागायची पाळी आली होती. बोटात अंगठी नाही, कामाच्या वेळी मनगटात घड्याळ नाही. घराच्या मागं एका फळीवर प्रत्येक हत्याराचा आकार तांबड्या रंगानं काढलेला. पाना त्याच्या आकारात, पक्कड तिच्या आकारात. काम सुरू करायच्या आधी मोजायचं, संपल्यावर मोजायचं. गल्लीतला कुकर असो, मिक्सर असो, पाण्याची मोटर असो, दुरुस्तीला घेतली की तिला लाल कापडाची चिंधी बांधायचे. चिंधी सुटेपर्यंत वस्तूला कुणी हात लावायचा नाही. मेहरून एकदा तापानं फणफणली होती आणि तरी उठून भाकरी थापायला बसली. यांनी तिच्या मनगटाला चिंधी बांधली आणि आम्हा शेजारणींना सांगितलं, "आज ही मशीन बंद हाय. डबा लावा कुणीतरी." मेहरून तापातही हसत सुटली होती.

माझ्या भाच्याच्या हळदीला तर यांनी जेवणच अडवलं. आचाऱ्याची शेगडी नीट पेटेना म्हणून हे आपणहून बघायला गेले, पाच मिनिटांत पेटवून दिली. मग हत्यारं मोजली तर एक लहान स्क्रू ड्रायव्हर कमी. झालं! पातेल्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, वाढायचं नाही. शेगडीपाशी चार मोठी पातेली, त्यातल्या कशात पडला असेल तर एखाद्याच्या ताटात जाईल. दोनशे माणूस पंगतीत बसलेलं, पत्रावळ्या मांडलेल्या, माझा भाऊ हातापाया पडतोय. मी तर म्हणाले, "दस्तूभाई, लोखंड पचवणारी माणसं हायत आमची, वाढू द्या." ढिम्म हलले नाहीत. पाऊण तास गेला. शेवटी तो स्क्रू ड्रायव्हर आचाऱ्याच्याच कमरेला सापडला. पाठ खाजवायला घेतला होता मेल्यानं. दस्तूभाईंनी तो पुसला, पिशवीत ठेवला, परत सगळी मोजली आणि म्हणाले, "हां, वाढा आता."

आता मुलाणी म्हणजे काय, हे शहरातल्या माणसाला सांगावं लागतं. आमच्याकडं गावोगावी मुलाण्याचं एक घर असतं. जत्रा हिंदूंच्या देवाची असली तरी बकऱ्यावर सुरी फिरवायचा मान त्या घराचा. मुलाण्यानं अल्लाचं नाव घेतल्याशिवाय पाटलाच्या घरचं बकरंसुद्धा कुणी सोलत नाही. दस्तूभाईंचं मूळ घर तासगावच्या पलीकडं, भावाची बेदाण्याची शेड आहे तिथं. लायसन मिळाल्यावर लांबच्या विमानतळांवर नोकरीत असतानाही जत्रेला ते रजा टाकून यायचे. एका वर्षी मी त्यांच्याबरोबर गेले होते. सकाळपासून माणसं बकरी घेऊन रांगेत उभी. हे दर चार-पाच बकऱ्यांनंतर थांबायचे, सुरी धुवायचे, नखावर धार लावून बघायचे, आणि जरा जरी खाच लागली तरी बाजूला बसून दगडावर घासत राहायचे. लोक कुरकुरायला लागले. एक म्हातारा म्हणाला, "आरं दस्तू, नाव घे आन् फिरीव की, किती घासतूस?"

"नाव घेतल्यानं धार येत न्हाई, तात्या," हे म्हणाले. "माझ्या बानं सांगितलंय. आधी सुरी बघायची, मंग त्याचं नाव घ्यायचं. खाचेच्या सुरीवर नाव घेतलं तर त्येला खोट्यात वडल्यासारखं हुतं."

मला त्या दिवशी हा माणूस समजला असं मला वाटलं. त्यांच्या डोक्यात देवाचं नाव आणि चोख काम ह्या दोन गोष्टी नव्हत्याच, एकच होती. पुढं जे झालं ते त्यामुळंच झालं, असं मी अजून म्हणते.

रुखसारला लहानपणापासून विमानात काम करायचं होतं. बापानं विमानांच्या गोष्टी सांगून सांगून तिच्या डोक्यात ते भरवलेलं. कॉलेज झाल्यावर तिनं कोल्हापुरात हवाई सुंदरीचा कोर्सही केला. पण घोडं अडलं मेहरूनपाशी. "आखूड कपडे घालून दारू वाढायला मी पोरगी जन्माला घातली न्हाई," असं तिनं एकदा सांगितलं, ते सांगितलं. दोन कंपन्यांची बोलावणी आली, दोन्ही पत्रं तांदळाच्या डब्याखाली गेली. पोर महिनाभर जेवली नाही धड.

आणि अशात ती कंपनी निघाली. समुद्रापलीकडच्या एका देशात. नाव मी सांगणार नाही. मेलेल्या माणसाला आणि बुडालेल्या कंपनीला नावं ठेवू नयेत. इस्लामच्या रीतीनं चालणारी विमानं! दारू नाही, जेवण हलाल, विमान सुटायच्या आधी स्पीकरवरून दुवा म्हणायची, नमाजाच्या वेळा बघून वेळापत्रक, आणि मुलींना पायघोळ झगा नि डोक्याला रुमाल. दोनच विमानं होती, तीही दुसऱ्याकडून वापरून आलेली, पण जाहिरात अशी की जणू आकाशात मशीदच निघालीय. त्यांना लायसनवाली माणसं हवी होती. दस्तूभाईंच्या हवाई दलातल्या एका जुन्या दोस्तानं फोन केला, आणि पंधरा दिवसांत बाप आणि लेक दोघांचंही ठरलं. मेहरूननं स्वतःच्या हातानं पोरीची बॅग भरली.

निघायच्या आदल्या दिवशी मी चिडवलं, "काय वं दस्तूभाई, तुमचं हलाल इमान, मग बाकीची काय झटका?"

ते मनापासून हसले. मग नेहमीसारखे गंभीर झाले. "आक्का, हलाल म्हंजे ताटात काय वाडलं एवढंच न्हवं. काम बी हलाल लागतं. जिथं उडायच्या आधी त्याचं नाव घेत्यात, तिथं कागदावर खोटं कोण लिवंल? मी आजवर ज्या ज्या ठिकाणी काम केलं, तिथं मला एकट्याला त्याची भीती हुती. हितं सगळ्यास्नी आसंल."

हे बोलताना त्यांचा चेहरा असा उजळला होता की मी पुढची थट्टा गिळून टाकली. बोलायला हवं होतं मी. पण मला तरी काय ठाऊक!

पहिले चार महिने गल्लीत सणच होता. पहिल्या उड्डाणाच्या दिवशी मेहरूनच्या फोनवर सगळी गल्ली गोळा झाली. निळा झगा, पांढरा रुमाल, विमानाच्या दारात उभी राहून रुखसार हसतेय, आणि खाली आवाज अडवायला कानाला मोठे गोळे लावून दस्तूभाई. तिचा तो फोटो कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात फ्रेम करून लागला. शिंद्यांची सून म्हणाली, मला पण असला ड्रेस शिवायचाय. मशिदीतली वडीलधारी माणसं मेहरूनला रस्त्यात थांबवून विचारायची, हजचं विमान कधी सुरू होणार, आमचं नाव आधी घाला. मेहरून डोक्यावरचा पदर सारखा करून सांगायची, "होईल की लवकर." तिची चालच बदलली होती.

मग दस्तूभाईंचे फोन आखूड व्हायला लागले. आधी ते सांगायचे, आज अमुक केलं, तमुक बदललं. आता नुसतं "बरं हाय." मी फोन ओढून घेऊन विचारलं तेव्हा थोडं थोडं निघालं. सुटे भाग वेळेवर येत नव्हते. एका विमानाचा भाग काढून दुसऱ्याला बसवायचा, दुसऱ्याचा काढून पहिल्याला. दोन पायलट सोडून गेले. विमानं तास तास उशिरा सुटायची, प्रवासी काउंटरवर आरडाओरडा करायचे. "पण दुवा वेळंवर हुती," ते म्हणाले. हसले असं मला वाटलं, पण फोनवर कळत नाही.

त्या दिवसाची गोष्ट त्यांनी मला कराडला परत आल्यावर सांगितली, दुपारी माझ्या ओसरीवर शेंगा फोडत बसलेले असताना. एका दमात नाही, आठ-दहा दुपारी मिळून.

सकाळची फेरी होती. माणसं आत बसलेली, बरीचशी वयस्क, कुणी लग्नाला निघालेलं, कुणी दवाखान्याला. विमानाच्या चाकातल्या ब्रेकवर एक बारीक पिन असते. ब्रेक झिजत जाईल तशी ती आत आत जाते. पार आत गेली, बोटाला लागेनाशी झाली, की ब्रेक बदलायचा. त्यात चर्चा नसते. दस्तूभाईंनी डाव्या चाकाशी वाकून अंगठा लावला. पिन लागली नाही. परत लावला. नाहीच.

तिथला मॅनेजर तरणा पोरगा, पाचही वेळा नमाज पढणारा, माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, नवा ब्रेक दुपारच्या विमानानं येतोय, एकच फेरी आहे, जायचं आणि यायचं. आज हे विमान रद्द झालं तर सरकारी खातं उद्या परवाना ठेवणार नाही, सगळं बंद होईल. आपल्या लोकांनी काढलेली एक गोष्ट आहे चाचा, देवाचं नाव घ्या आणि सही करा. डोळ्यात पाणी होतं म्हणे त्याच्या.

आत स्पीकरवर दुवा सुरू झाली. दस्तूभाईंनी पेन घेतलं, पिन ठीक आहे असं लिहिलं, आणि सही केली.

विमान गेलं. सव्वादोन तासांनी परत आलं. ब्रेक लागले, सगळी माणसं खाली उतरली, आपापल्या बॅगा घेऊन घरी गेली. काहीच झालं नाही. दुपारी नवा ब्रेक आला, यांनी स्वतःच्या हातानं बसवला. जुना उघडून बघितला तर आणखी पाच-सहा वेळा चालला असता. कुणाला कधी कळलं नसतं.

आणि त्या विमानातून उतरणाऱ्यांत शेवटी रुखसार उतरली. तिची त्या दिवशी सुट्टी होती. मैत्रिणीला बरं नव्हतं म्हणून सकाळी ऐनवेळी तिनं पाळी बदलून घेतली होती.

पुढचे दहा दिवस दस्तूभाई कामावर जात राहिले. नमाजाला उभे राहिले की हात वर उचलवत नव्हते, म्हणाले. अकराव्या दिवशी त्यांनी सरकारी खात्याला पत्र लिहिलं. पहिलंच वाक्य, मी दस्तगीर मुलाणी, मी खोटी सही केली. दुसऱ्या कुणाचं नाव त्यात नव्हतं, मॅनेजरचंही नाही. तपासनीस आले. एक कागद बघायला आले आणि कपाटंच्या कपाटं उघडून बसले. यांची सही एक. तसल्या अजून किती निघाल्या! विमानं जमिनीवर आली. थोड्या दिवसांनी परवाना गेला. वर्षही पुरं झालं नव्हतं कंपनीला. दस्तूभाईंचं लायसनही गेलं, ते त्यांनी कुणी न मागताच टेबलावर ठेवलं होतं.

बाप-लेक परत आली ती एका रिक्षातून, पण दोन बाजूंना तोंडं करून.

गल्लीनं काय केलं ते सांगायला मला लाज वाटते, पण सांगते. किराणा दुकानातला फोटो खाली उतरला. मशिदीतली काही माणसं दस्तूभाई दिसले की मान वळवायची. आपल्याच माणसानं आपलं विमान पाडलं म्हणायची. आणि दुसरीकडं आमच्यातलेही कमी नव्हते. शिंद्यांचा थोरला टपरीवर सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "अल्लाचं इमान बसलं खाली." मी भाजीची पिशवी तिथंच ठेवली आणि त्याची अशी खरडपट्टी काढली की टपरीवाल्यानं गॅस बंद केला. म्हटलं, "तुझ्या सात पिढ्यांत कुणी सवताची चूक सवता लिवून दिलीय का रं? तुझी उधारीची वही दाखवू का हितं?" महिनाभर माझ्या वाटेला गेला नाही तो. पण माझ्या ओरडण्यानं दस्तूभाईंचं काय भलं झालं? काही नाही.

त्यांनी हत्यारांना हात लावायचं सोडलं. मी माझा कुकर घेऊन गेले तर ते म्हणाले, "बाजारात द्या, आक्का. माझ्यावर इस्वास ठिवू नका." मी कुकर तसाच घेऊन आले आणि दोन महिने पातेल्यात डाळ शिजवली, पण बाजारात दिला नाही.

खरं दुखणं मात्र घरात होतं. रुखसारला नोकरी गेल्याचं दुःख होतंच. आईनं होकार दिलेली जगातली ती एकच कंपनी. पण तिनं त्यावरून बापाला एक शब्द ऐकवला नाही. तिचा प्रश्न वेगळाच होता. परत आल्यावर तिसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडं बसलेले असताना तिनं विचारला. घरात ती माणसं आपापसात दखनी बोलतात, पण मी असले की मराठीच.

"अब्बा, पत्र लिवलं ते चांगलं केलं. मला येवढंच सांगा. सही करताना मी आत हाय हे तुमाला म्हाईत हुतं का?"

दस्तूभाईंनी चहाचा कप खाली ठेवला, चपला घातल्या आणि बाहेर निघून गेले.

त्या दिवसापासून पोरगी बापाशी कामापुरतं बोलायची. जेवायला वाढलंय, दूधवाला आलाय, बस्स. ज्या बाप-लेकीचं एका ताटात जेवण व्हायचं, ती वेगवेगळ्या वेळी जेवायला लागली. मेहरून माझ्याकडं येऊन रडायची. मी दस्तूभाईंना किती सांगितलं, "अवो, म्हाईत न्हवतं म्हणून सांगून टाका की! पाळी ऐनवेळी बदललेली, तुमाला कसं कळणार? येक शब्द बोला, पोरगी गळ्यात पडंल." ते शेंगा फोडत राहायचे. मग मी रुखसारला धरलं. शपथेवर सांगितलं, तुझ्या बापाला ठाऊक नव्हतं. तू आत आहेस हे कळलं असतं तर त्या माणसानं विमानापुढं आडवं अंग टाकलं असतं. माझा तसा ठाम विश्वासच होता. रुखसार म्हणायची, "मग ते का सांगत न्हाईत, काकू?" यावर मी म्हणायचे, पुरुषाची जात, अडून बसलाय. आज आठवलं की माझीच मला कीव येते.

आठ महिने असे गेले. मग रुखसारला पुण्याला विमानतळावर काम मिळालं. काउंटरवरचं, जमिनीवरचं. ह्या वेळी मेहरूननं पत्र तांदळाच्या डब्याखाली घातलं नाही. घरातली ती शांतता तिलाही सोसवत नव्हती.

दस्तूभाई त्यानंतर थोड्याच दिवसांत गावी भावाकडं राहायला गेले आणि श्रावणात तिथंच गेले, झोपेत. मी तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला बाहेर होते, मातीला पोचू शकले नाही. त्यामुळं रुखसारला सोडायला गेलो तो दिवस हेच माझं त्यांना शेवटचं बघणं.

ओगलेवाडीच्या, म्हणजे कराडच्याच रेल्वे स्टेशनवर आम्ही तिघं होतो. मेहरूनचे गुडघे धरले होते, म्हणून तिनं मला धाडलं, "तुमी जावा, न्हाईतर दोघं मुक्यानं जातील आणि मुक्यानं येतील." सकाळची गाडी वीस मिनिटं उशिरा होती. बाकावर मी मध्ये, दोन्हीकडं दोघं. मी एकटीच बडबडत होते, चटणीचा डबा वर ठेव, तिकीट पर्समध्ये ठेव.

रुखसार एकदम म्हणाली, "अब्बा, आता शेवटचं इचारते. परत कवाच इचारणार न्हाई. त्या दिवशी तुमाला म्हाईत हुतं?"

मी लगेच तोंड घातलं, "अगं किती येळा सांगू, त्यास्नी कसं—"

"आक्का, जरा गप ऱ्हावा," दस्तूभाई म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते मला असं बोलले. मग लेकीकडं बघून म्हणाले, "व्हय. म्हाईत हुतं. जिन्यानं वर चढताना बघितलं मी तुला."

माझ्या हातातली पिशवी खाली गेली. रुखसार त्यांच्याकडं वळली. "तरी सही केली?"

"तरी न्हाई गं. तू हुतीस म्हणूनच केली." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "पेन घिऊन हुबा हुतो, हात चालत न्हवता. कागद परत द्याच्या बेतात हुतो. वर बघितलं तर तू दारात हुबी, आन् आत दुवा चाललेली. मनात आलं, माझी पोरगी हाय आत. माझ्या पोरीला त्यो काय हू द्यायचा न्हाई. आन् केली सही."

"आणि मी नसते तर?"

"तर पिन लागत न्हाई म्हणून लिवलं आसतं. जल्मभर तेच केलं."

पलीकडच्या रुळांवरून मालगाडी गेली, तिचे डबे संपेपर्यंत आम्ही तिघं तशीच बसलो. मग ती हळूच म्हणाली, "अब्बा, आत बाकीची माणसं बी हुती. म्हातारी माणसं. येका बाईकडं तीन महिन्यांचं बाळ हुतं, मी घेतलं हुतं थोडा येळ."

"ती मला तवा दिसलीच न्हाईत," दस्तूभाई म्हणाले. "पत्रात मी सगळं लिवलं, येवढंच लिवायचं ऱ्हायलं. तुला काय सांगू? तुला सांगायचं म्हंजे तुझ्यावर ढकलल्यागत झालं आसतं."

गाडी आली. माणसांची पळापळ सुरू झाली. रुखसारनं बॅग उचलली, ते पुढं झाले, तिनं बॅग त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती वर चढवून दिली आणि खाली उतरले. "पोचल्यावर फोन करते," ती दारातून म्हणाली. मला म्हणाली का त्यांना, ते मला कळलं नाही.

गाडी हलली. रुखसार खिडकीपाशी बसली होती. तिनं हात केला नाही. पण तोंडही फिरवलं नाही. गाडी लांब जाईपर्यंत ती बापाकडं बघत राहिली. आणि दस्तूभाई गर्दीतून दोन पावलं पुढं येऊन, हात खाली सोडून, तिला आपण नीट दिसू असे उभे राहिले.